अल्ट्रामॅन घरी आणताय? आधी खोका उलटा करा

ऐंशीच्या दशकात ज्यांचं बालपण दूरदर्शनपुढे गेलं, त्यांना मनगटावरच्या घड्याळात बोलणारा एक मुलगा आठवत असेल. त्याने घड्याळ तोंडाशी नेऊन हुकूम सोडला की इजिप्तच्या फॅरोसारखा चेहरा असलेला अजस्र रोबॉट आकाशातून यायचा आणि बोटांच्या टोकांतून क्षेपणास्त्रं सोडायचा. तो 'जायंट रोबॉट'. शेवटच्या भागात त्याने आपल्या छोट्या धन्याचा हुकूम पहिल्यांदाच मोडला, खलनायकाला कवेत घेऊन तो अवकाशात गेला आणि परत आला नाही. त्या संध्याकाळी आमच्या चाळीत शेजारच्यांच्या टीव्हीसमोर बसलेली आम्ही सगळी मुलं गप्प घरी गेलो होतो.

ती मुलं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीने २०२४ साली नेटफ्लिक्सवर तशाच एका जपानी महाकाय नायकाचा 'अल्ट्रामॅन: रायझिंग' हा चित्रपट पाहिला, आणि हा लाल-रुपेरी राक्षसमर्दक मुळात आला कुठून, असं ती विचारू लागली. मग आई-बाबा इंटरनेटवर शोधतात, १९६६ सालची मूळ मालिका डिस्कवर मिळते असं कळतं आणि उत्साहात मागवून मोकळे होतात. पुढची निराशा बहुतेक वेळा एकाच कारणाने होते. खोक्याचं पुढचं चित्र पाहून खरेदी झालेली असते, पाठ कोणी वाचलेली नसते. माझंही तसंच झालं होतं, म्हणून हा लेख.

आधी मालिकेबद्दल थोडं, कारण काय घेतोय हे माहीत असलं की निवड सोपी जाते. १९५४च्या 'गोजिरा'ची, म्हणजे आपल्या ओळखीच्या गॉडझिलाची, चमत्कारदृश्यं ज्यांनी उभी केली त्या एइजी त्सुबुराया यांनी १९६३मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली. जानेवारी १९६६मध्ये त्यांची 'अल्ट्रा क्यू' ही २८ भागांची कृष्णधवल मालिका टीबीएस वाहिनीवर सुरू झाली. तिच्यात राक्षस होते, नायक मात्र साधी माणसं होती. ती संपल्यावर १७ जुलै १९६६ला रंगीत 'अल्ट्रामॅन' आला आणि ९ एप्रिल १९६७पर्यंत ३९ भाग चालला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'अल्ट्रासेव्हन' सुरू झाला, ४९ भागांचा. या तीन मालिका म्हणजे या घराण्याचा पाया. सुरुवात करणाऱ्याने मधली, म्हणजे 'अल्ट्रामॅन'च घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. 'अल्ट्रा क्यू' सुंदर आहे, पण आठ वर्षांच्या मुलाला कृष्णधवल चित्रापुढे पहिल्याच दिवशी बसवणं अवघड जातं. 'अल्ट्रासेव्हन' अधिक गंभीर आहे, तो दुसऱ्या वर्षी आणा.

इंग्रजी सबटायटलसह ब्लू-रेवर 'अल्ट्रा क्यू' आणि 'अल्ट्रामॅन' अमेरिकेत मिल क्रीक कंपनीने ऑक्टोबर २०१९मध्ये आणले. 'अल्ट्रासेव्हन' त्याच वर्षाअखेरीस आला. त्याआधी इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाला काही डीव्हीडी तेवढ्या मिळायच्या. इतका उशीर होण्यामागे मोठं कारण होतं हक्कांच्या भांडणाचं. जपानबाहेरचे हक्क १९७६च्या एका करारपत्राने आपल्याला मिळाले आहेत, असा दावा थायलंडमधल्या चाइयो या कंपनीच्या बाजूने वर्षानुवर्षं केला जात होता. नोव्हेंबर २०१७मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयातल्या ज्यूरीने ते पत्र खरं नसल्याचा निर्णय दिला आणि त्सुबुराया कंपनीची वाट मोकळी झाली. हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. या वादाच्या काळात बाजारात नाना प्रकारच्या डिस्क फिरल्या आणि त्या अजूनही जुन्या मालाच्या दुकानांतून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून समोर येतात.

आता खोका उलटा करा.

पाठीवर तळाशी एक छोटा षटकोन असतो आणि त्यात 'ए', 'बी' किंवा 'सी' यांपैकी एक अक्षर. हा ब्लू-रेचा विभाग, म्हणजे रीजन. अमेरिका आणि जपान 'ए'मध्ये येतात. युरोप, आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया 'बी'मध्ये. भारत 'सी'मध्ये, चीन आणि रशियाच्या सोबत. 'ए'ची डिस्क 'सी'च्या प्लेअरमध्ये घातली तर प्लेअर ती वाचायलाच नकार देतो. डीव्हीडीला पृथ्वीच्या गोलावर आकडा असतो: अमेरिकेचा १, जपानचा २, भारताचा ५.

या अक्षराने मला चांगलाच धडा दिला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी याच घराण्यातल्या एका मालिकेचा वापरलेला जपानी संच मागवला. तीन आठवडे वाट पाहिली. आला त्या रविवारी माझी दहा वर्षांची भाची लाह्यांचं पातेलं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली. डिस्क आत गेली, प्लेअर घरघरला, आणि पडद्यावर दोन ओळींची सूचना आली की ही डिस्क या विभागात चालणार नाही. मी बाहेर काढून पुन्हा घातली, पुसून घातली. तिसऱ्यांदा तीच सूचना आल्यावर भाचीने खोका हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "मामा, हा 'ए' कसला?" विक्रेत्याने पानावर विभागाचा उल्लेख केला नव्हता, हे खरं. पण मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा डिस्क घेण्याआधी प्लेअरचा बंदोबस्त करा. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारे प्लेअर मिळतात. घेताना तो डीव्हीडीसाठी सर्व-विभागीय आहे की ब्लू-रेसाठीसुद्धा, हे लेखी विचारून घ्या, कारण पुष्कळ विक्रेते फक्त डीव्हीडीबद्दल सांगत असतात. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा बसतो. फोर-के डिस्कवर मात्र विभागाचं बंधन नसतं. जपानमध्ये या मालिकांच्या फोर-के आवृत्त्या निघाल्या आहेत आणि चित्राच्या दृष्टीने त्या उत्तम आहेत. पण तिथेच दुसरी अडचण उभी राहते, ती भाषेची.

जपानी कंपन्या जपानी गिऱ्हाइकासाठी संच काढतात, त्यामुळे त्यांवर सहसा इंग्रजी सबटायटल नसतात. खोक्याच्या पाठीवर ध्वनी आणि सबटायटल यांचे दोन वेगळे रकाने असतात, ते दोन्ही वाचा. मिल क्रीकच्या 'अल्ट्रामॅन' संचात मूळ जपानी ध्वनी आणि इंग्रजी सबटायटल आहेत. साठच्या दशकातलं अमेरिकेतलं इंग्रजी डबिंग त्यात नाही. काहींना ही उणीव वाटते. मला वाटत नाही. त्या डबिंगमध्ये संवाद सैल झाले आहेत, आणि मूळ आवाजातली अदब, धाप, घाबरलेल्या माणसाचा चिरका सूर यांनीच ही मालिका जिवंत राहते. 'जायंट रोबॉट'ची गोष्ट उलटी आहे. अमेरिकेत २०१३ साली शाउट फॅक्टरीने त्याचे सगळे २६ भाग डीव्हीडीवर काढले, ते 'जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबॉट' या नावाने आणि इंग्रजी डबिंगमध्येच. मूळ जपानी मालिकेत त्या मुलाचं नाव दाइसाकु कुसामा होतं, जॉनी सोको हे बारसं अमेरिकेत झालं. बालपणीची आठवण परत हवी असेल तर तोच संच तुमच्या कामाचा, फक्त गोलातला १ हा आकडा लक्षात ठेवा.

इंग्रजी सबटायटल लहान मुलांना झेपत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. त्यावर आमच्याकडे चाललेला उपाय सांगतो. मोठ्यांपैकी एकाने सोफ्याच्या टोकाला बसायचं आणि सबटायटल मराठीत मोठ्याने सांगत जायचं. प्रत्येक वाक्य सांगावं लागत नाही. लढाई सुरू झाली की कोणी ऐकतही नाही. पहिल्या दोन भागांत जीभ अडखळते, तिसऱ्यापासून घरातल्या आजीलाही कथा कळू लागते. भाचीच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, पाचव्या-सहाव्या भागानंतर राक्षसांना परस्पर नावं ठेवायला सुरुवात केली आणि ती जपानी नावांपेक्षा आम्हाला जास्त लक्षात राहिली.

तिसरी गोष्ट भागांची संख्या. 'अल्ट्रामॅन'चे ३९, 'अल्ट्रा क्यू'चे २८. पाठीवर यापेक्षा कमी आकडा असेल तर तो अर्धा संच आहे, 'खंड पहिला' हे शब्द कुठेतरी बारीक अक्षरांत असतील. 'अल्ट्रासेव्हन'वर मात्र ४८ लिहिलेलं दिसेल आणि तो दोष नाही. मालिकेचे भाग ४९ होते. बारावा भाग ज्या परग्रहवासीयांचा, त्यांचं रक्त त्यांच्याच ग्रहावरच्या शस्त्रचाचणीने दूषित झालेलं असतं. १९७०मध्ये एका बालमासिकासोबतच्या चित्रकार्डांवर त्यांचा उल्लेख 'अणुबॉम्बपीडित परग्रहवासी' अशा अर्थाच्या शब्दाने छापला गेला. हिरोशिमा-नागासाकीच्या बळींच्या देशात त्याने किती वेदना झाल्या असतील हे सांगायला नको. निषेध झाला आणि त्सुबुरायांच्या संस्थेने तो भाग कायमचा मागे घेतला. अधिकृत संचात तो येत नाही. एखादा विक्रेता '४९ भाग पूर्ण' असं सांगत असेल, तर त्याच्याकडचा माल अनधिकृत आहे असं खुशाल समजा.

अनधिकृत प्रतींची आणखी लक्षणं आहेत. ३९ भाग दोन-तीन डीव्हीडींवर कोंबलेले, विभागाच्या जागी 'ऑल रीजन', निर्मात्याचं नाव अस्पष्ट किंवा गायब, आणि सबटायटलमध्ये पात्रांची नावं दर भागाला वेगळी. चित्र इतकं दाबलेलं असतं की राक्षस धावला की त्याच्या भोवती चौकटी-चौकटी उमटतात. स्वस्तात मिळतं म्हणून ते घेऊ नका. पैसे जातात आणि मुलांची पहिली ओळखही बिघडते.

मागवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग मराठी घरांना ठाऊक आहेच: न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असलेलं कोणीतरी गणपतीला नाहीतर दिवाळीला येतंच. त्यांच्या पत्त्यावर संच मागवा आणि बॅगेतून आणायला सांगा. कुरिअरने थेट मागवलंत तर वस्तूच्या किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क पडतं, ते आधी हिशेबात धरा. संच साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि पत्र्याच्या 'स्टीलबुक'मध्ये असे दोन प्रकारचे निघाले. आतल्या डिस्क त्याच. दिखाऊपणाची हौस नसेल तर साधा घ्या. आणि खोक्यात ऑनलाइन पाहण्याचा कोड असेल तर तो अमेरिकेतल्या सेवेसाठी आहे, त्याचे पैसे मोजू नका. एक मात्र लक्षात असू द्या: अशा संचांचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली की नवीन छपाई थांबते आणि उरलेल्या प्रतींची किंमत चढत जाते. मनात असेल तर फार रेंगाळू नका.

संच घरी आला, चालला. आता टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. ही पायरी लोक हमखास वगळतात. ही मालिका जुन्या जवळपास चौकोनी पडद्यासाठी, ४:३ प्रमाणात चित्रित झाली आहे. आजचा रुंद टीव्ही तिला दोन्ही बाजूंनी ताणतो आणि अल्ट्रामॅन एकदम गलेलठ्ठ दिसतो. बिन फुरुया या उंच, सडपातळ नटाच्या बांध्यावर बेतलेला तो पोशाख आहे. त्याची ती किंचित वाकून उभं राहण्याची लकब ताणलेल्या चित्रात पार मरते. तेव्हा ४:३ ठेवा, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि कण पुसणारी सोय, दोन्ही बंद करा. 'अल्ट्रा क्यू' ३५ मिमी फिल्मवर होता, 'अल्ट्रामॅन'चं बरंचसं चित्रण १६ मिमीवर झालं, म्हणून त्यात कण जास्त दिसतात. ते कण म्हणजेच फिल्म. ते पुसले की चेहरे मेणाचे होतात.

आणि मग जवळून पाहा, कारण ब्लू-रेचे पैसे इथेच वसूल होतात. पहिल्या तेरा भागांत अल्ट्रामॅनच्या तोंडाभोवती सुरकुत्या दिसतात. सुरुवातीला ओठ हलावेत असा विचार होता, म्हणून तो मुखवटा मऊ केला होता. चौदाव्या भागापासून मुखवटा गुळगुळीत, तिसाव्यापासून पुन्हा वेगळा. दहाव्या भागातला जिरास हा राक्षस नीट बघा: मानेभोवतीची ती पिवळसर झालर मनातल्या मनात काढून टाका, खाली गॉडझिला उभा आहे. चित्रपटाचाच पोशाख त्यांनी झालर लावून वापरला होता, आणि लढाईत अल्ट्रामॅन ती झालर उपटतो तेव्हा तर गुपित उघडंच पडतं. तिसऱ्या भागातला नेरोंगा आणि नवव्यातला गाबोरा हे एकाच जुन्या पोशाखाचे दोन जन्म. पैसा कमी, दर आठवड्याला नवा राक्षस हवा, आणि तरीही कामात कुठेही 'चालतंय की' नाही. मुलांना हे शोधायला सांगा. आमच्या भाचीने डिस्क थांबवून थांबवून अशा जागांची एक वही केली आहे.

छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकू लागला की अल्ट्रामॅनची शक्ती संपत आली, एवढं मुलांना पहिल्याच भागात कळतं. रूप साकारणाऱ्या तोरु नारिता या शिल्पकाराला मात्र हा दिवा मुळात मान्य नव्हता. २०२२च्या 'शिन अल्ट्रामॅन' चित्रपटात त्यांच्या मूळ कल्पनेचा मान राखून तो काढून टाकला गेला. नवा चित्रपट आधी पाहिलेल्या मुलांना हा फरक दाखवा, त्यावर तासभर वाद चालतो.

सगळे भाग ओळीने पाहायची सक्ती नको. पहिला आणि दुसरा पाहा, दुसऱ्यात खेकड्यासारख्या पंजांचे बाल्टान येतात. मग पंधरावा लावा. त्यात मुलांनी मैदानातल्या सिमेंटच्या पाइपावर काढलेलं चित्र अवकाशकिरणांनी जिवंत होतं आणि तो राक्षस काहीही न मोडता नुसता घोरत पडतो. मोठे लोक रणगाडे आणतात, मुलं त्याला मारू नका म्हणून विनवतात. हा भाग अकिओ जिस्सोजी यांनी दिग्दर्शित केला आहे. चौतिसावाही त्यांचाच. त्यात नायक हायाता घाईत परिवर्तनाच्या कांडीऐवजी हातातला जेवणाचा चमचा आकाशाकडे उंचावतो. घरात किमान आठवडाभर प्रत्येक जेवणाला चमचे वर होतील, याची तयारी ठेवा.

तेविसावा भाग मात्र मुलांसोबत बसूनच पाहा, एकट्याने पाहू देऊ नका. हाही जिस्सोजींचा. जमिला नावाचा राक्षस खरं तर अंतराळवीर असतो. निर्जल ग्रहावर अडकलेल्या त्याला त्याच्या देशाने वाऱ्यावर सोडलं, गोष्ट दडपली, आणि तो बदललेल्या देहाने सूड घ्यायला परत आला आहे. त्याला आता पाणीच सोसत नाही, आणि अल्ट्रामॅन त्याला पाण्यानेच मारतो. जगभरच्या झेंड्यांच्या पायथ्याशी चिखलात तो तडफडत राहतो. आमच्या घरी त्या वेळी कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने भाचीने विचारलं, "मग अल्ट्रामॅन इथे चुकला का?" हा प्रश्न विचारायला लावणारी मुलांची मालिका १९६६ साली बनली होती, म्हणून तर ती जपून ठेवायची. जपानी मुलं पुढे कित्येक वर्षं शर्टाची कॉलर डोक्यावरून ओढून जमिला व्हायची.

मालिकेत दिव्यांची उघडझाप बरीच आहे. खोलीतला दिवा चालू ठेवा, मुलांना पडद्यापासून दूर बसवा. घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी ठेवण्याबद्दल. आपल्या पावसाळ्यात, कोकणात आणि मुंबईत तर विशेष, खोक्यातली पुस्तिका सादळते आणि डिस्कवर बुरशीचे पांढुरके ठिपके येतात. संच बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून उभा ठेवा. पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. डिस्क पुसायची ती मऊ, सुक्या कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा ड्राइव्हला जास्त नडतो.

आणि मित्राला संच पाहायला देणार असाल तर त्याच्या प्लेअरचं अक्षर आधी विचारा.